रोद्रिगो : गॉथांचे नाव, ठाण्याचे आडनाव

ठाणे, वसई किंवा उत्तनच्या परिसरात वाढलेल्या माणसाला रॉड्रिग्ज हे आडनाव परके वाटत नाही. शाळेच्या हजेरीपटावर, दवाखान्याच्या पाटीवर, चर्चच्या आवारातील थडग्यांवर आणि सोसायटीच्या टपालपेट्यांवर आपण ते लहानपणापासून वाचत आलेलो असतो, आणि हे नाव कुठले असे कोणी विचारलेच तर ‘पोर्तुगीज’ एवढे सांगून मोकळे होतो. त्या उत्तरात खोटे काही नाही, पण ते अर्ध्या वाटेवर थांबलेले उत्तर आहे. पोर्तुगाल हे राज्य जन्माला येण्याच्या कित्येक शतके आधीपासून हे नाव रूढ होते. ज्यांच्याबरोबर ते आयबेरियाच्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या, द्वीपकल्पात आले त्या गॉथ या प्राचीन जर्मानिक लोकांची, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या कुळातली, भाषा आज जगाच्या पाठीवर कोणीही बोलत नाही. आणि ते ज्या पद्धतीने घडले ती पद्धत आपल्या जुन्या भारतीय नावांच्या घडणीला इतकी जवळची आहे की, त्याचे अवयव सुटे केले की मराठी वाचकाला त्यात ओळखीचे काही दिसू लागते. मी ठाण्यात लहानाची मोठी झाले, या आडनावाच्या मैत्रिणींच्या घरी नाताळात जेवले, आणि नावांच्या इतिहासाची आवड असल्यामुळे या एका नावाच्या मागावर बरीच वर्षे राहिले. त्यातून जे हाती लागले ते इथे सविस्तर मांडत आहे.

आधी आडनाव आणि नाव यांतला संबंध सांगायला हवा. रॉड्रिग्ज हे मुळात वडिलांच्या नावावरून साधलेले रूप आहे: रोद्रिगो हे व्यक्तीचे नाव, आणि रोद्रिगोचा मुलगा तो रोद्रिगेस. त्यामुळे शोध घ्यायचा तो या रोद्रिगोचा. मध्ययुगीन लॅटिन कागदपत्रांत हे नाव रुदेरिकुस किंवा रोदेरिकुस असे लिहिलेले आढळते, आणि त्याच्याही मागे गेले की निरनिराळ्या जर्मानिक भाषांतील रूपांची तुलना करून अभ्यासकांनी पुन्हा उभे केलेले जुने रूप येते, ते ह्रोथिरीक असे काहीसे. त्यात दोन अवयव आहेत. ‘ह्रोथ’ म्हणजे कीर्ती आणि ‘रीक’ म्हणजे सत्ताधीश, राजा.

दुसऱ्या अवयवापासून सुरुवात करते, कारण तो आपल्या अधिक ओळखीचा आहे. चौथ्या शतकात बिशप वुल्फिला याने बायबलचे गॉथिक भाषेत भाषांतर केले, आणि त्या भाषांतरात अधिपती या अर्थाने ‘रीक्स’ हा शब्द येतो. लॅटिनमधला ‘रेक्स’, ज्यूलियस सीझरशी लढलेल्या गॉल सेनानी वेर्सिंगेतोरिक्सच्या नावातला ‘रिक्स’, आयरिश भाषेतला ‘री’ आणि संस्कृतमधला ‘राजन्’ हे सारे एकाच मूळ शब्दाचे वंशज आहेत. यातली एक बारीक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जर्मानिक भाषांना हा शब्द थेट वारशाने मिळालेला नसून तो त्यांनी शेजारच्या केल्टिक लोकांकडून घेतलेला आहे, आणि त्याचा पुरावा शब्दाच्या स्वरातच शिल्लक आहे. मूळ शब्दातल्या दीर्घ ‘ए’चा ‘ई’ होणे ही केल्टिक भाषांची खूण आहे. जर्मानिक भाषांत तो आपसूक तसा झाला नसता, म्हणून ‘ई’ असलेले हे रूप केल्टिककडूनच आलेले असले पाहिजे. शेवटच्या ‘ग’चा ‘क’ मात्र जर्मानिक भाषांच्या स्वतःच्या ध्वनिनियमाने झाला आहे, यावरून ही उसनवारी तो नियम लागू होण्याच्या आधीची, म्हणजे फारच जुनी, ठरते. सत्ताधीशाला म्हणायचा शब्दच ज्या लोकांनी शेजाऱ्याकडून घेतला, त्या लोकांवर त्या शेजाऱ्याचा केवढा प्रभाव असेल याची कल्पना यावरून करता येते. इतिहासाचे लिखित साधन नसलेल्या काळाविषयी एक स्वर एवढे सांगून जातो.

या ‘रीक’ची भावंडे ठाणेकरांना आपल्या मातीतही सापडतात. श्रीस्थानक म्हणजे ठाणे ही ज्यांची राजधानी होती त्या उत्तर कोकणच्या शिलाहारांमध्ये छित्तराज नावाचा राजा होऊन गेला. भांडुप येथे सापडलेला त्याचा ताम्रपट शके ९४८ चा आहे. त्याचा भाऊ मुम्मुणी, ज्याला माम्वाणिराज असेही म्हटले जाते, त्याच्या काळातला अंबरनाथच्या शिवमंदिरातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा आहे. छित्तराज आणि माम्वाणिराज या नावांचा शेवट ज्या शब्दाने होतो, त्याच शब्दाचे दूर पश्चिमेला पोहोचलेले रूप रोद्रिगोच्या शेवटी आहे. अंबरनाथचा तो लेख कोरला गेला त्या सुमारास स्पेनच्या कास्तील प्रांतात रोद्रिगो दियास नावाचा एक मुलगा वाढत होता. त्याच्याविषयी पुढे लिहिणारच आहे.

पहिला अवयव ‘ह्रोथ’. वुल्फिलाच्या बायबलात याच शब्दापासून साधलेले एक विशेषण येते आणि त्याचा अर्थ विजयाचा गाजावाजा असलेला असा होतो. मोठ्याने स्तुती करणे, थोरवी गाणे अशा अर्थाच्या एका प्राचीन धातूशी अभ्यासक हा शब्द जोडतात, आणि संस्कृतमधला ‘कीर्ति’ हा शब्दही त्याच धातूकडे नेतात. ‘क’ आणि ‘ह’ यांची ही अदलाबदल विचित्र वाटेल, पण ती नियमाने होते: शिंग या अर्थाचा लॅटिन शब्द ‘कॉर्नू’ आहे आणि इंग्रजी शब्द ‘हॉर्न’. तेव्हा रोद्रिगोची दोन्ही शकले संस्कृत वळणाने जोडायची तर कीर्तिराज असे नाव तयार होते, आणि ते कोणत्याही मराठी घरात शोभेल असे आहे. बदामीच्या चालुक्यांत सहाव्या शतकात कीर्तिवर्मा नावाचा राजा होता, हेही इथे आठवते.

इंटरनेटवरील नावांच्या याद्यांमध्ये रोद्रिगोचा अर्थ ‘कीर्तिमान राजा’ असा एका दमात दिलेला असतो. तो चुकीचा नाही, पण प्राचीन जर्मानिक लोक नावाकडे तसे पाहत नसत, आणि हे समजून घेतल्याशिवाय या नावाचे मर्म कळत नाही. त्यांच्याकडे नावांसाठी राखीव अवयवांचा साठा असे, आणि मुलाच्या नावात बापाच्या, आजोबाच्या किंवा मामाच्या नावातला एक अवयव घेऊन त्याला दुसरा जोडला जाई. नाव म्हणजे घराण्याशी बांधणारा धागा होता. अर्थ हा त्याचा दुय्यम गुण. पश्चिम गॉथांचा राजा पहिला थिओडोरिक इ. स. ४५१ मध्ये हूणांविरुद्धच्या लढाईत मारला गेला. त्याच्या मुलांत दुसरा थिओडोरिक, फ्रेडरिक आणि युरिक होते, आणि युरिकचा मुलगा दुसरा अलारिक. तीन पिढ्यांत ‘रिक’ कसा घट्ट धरून ठेवला आहे ते पाहावे. आपल्याकडेही भावाभावांची नावे जुळती ठेवण्याची हौस आहे, आणि ग्रीक, स्लाव्ह, इराणी व संस्कृत परंपरांतही दोन अवयव जोडून नावे करण्याची रीत फार जुनी आहे. देवदत्त हे नाव ज्या साच्यातले, त्याच साच्यातले रोद्रिगो.

‘ह्रोथ’चा गोतावळाही मोठा आहे. त्याला ‘तेजस्वी’ जोडले की रॉबर्ट, ‘भाला’ जोडला की रॉजर, ‘लांडगा’ जोडला की रुडॉल्फ. यांपैकी रॉबर्टचे भाग्य एवढे मोठे की, अमेरिकेत १९२४ ते १९३९ या काळात मुलग्यांच्या नावांत ते पहिल्या क्रमांकावर होते.

आता हे नाव आयबेरियात कसे गेले ते पाहू. अलारिकच्या नेतृत्वाखाली पश्चिम गॉथांनी इ. स. ४१० मध्ये रोम लुटले, ४१८ मध्ये ते आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये स्थिरावले, आणि ५०७ मध्ये फ्रँक लोकांकडून पराभव झाल्यावर त्यांचे राज्य मुख्यतः स्पेनमध्ये सरकले. तोलेदो ही त्यांची राजधानी झाली. संख्येने ते थोडे होते. त्यांच्याभोवतीची रयत लॅटिन बोलणारी होती. ५८९ मध्ये तोलेदोच्या धर्मसभेत राजा रेकारेद याच्या काळात त्यांनी कॅथलिक पंथ स्वीकारला आणि राज्यकर्ते व रयत यांच्यातली मोठी भिंत पडली. त्यानंतर गॉथिक भाषा हळूहळू बोलण्यातून गेली. आजच्या स्पॅनिश आणि पोर्तुगीजमध्ये थेट गॉथिक शब्द मोजकेच उरले आहेत. नावे मात्र टिकली, आणि टिकली म्हणण्यापेक्षा पसरली, कारण ती राजाची आणि सरदारांची नावे होती आणि रयतेलाही ती हवीशी वाटू लागली.

रोद्रिगो हे नाव इतिहासात ठळकपणे येते ते एका पराभवाबरोबर. इ. स. ७१० मध्ये तोलेदोच्या गादीवर आलेल्या राजाचे नाव रोदेरिक होते. त्याची काही नाणी उपलब्ध आहेत; त्यांतली काही तोलेदोची आणि काही आजच्या पोर्तुगालमधील इदान्या येथील टांकसाळीची आहेत, आणि हे मला सूचक वाटते, कारण जे नाव पुढे पोर्तुगालमार्गे आपल्याकडे यायचे होते ते तेव्हाच त्या भूमीत धातूवर उमटलेले होते. ७११ मध्ये तारिक इब्न झियाद समुद्र ओलांडून आला. जिब्राल्टर हे नाव त्याच्याच नावावरून, ‘तारिकचा डोंगर’ या अरबी शब्दांतून, पडले आहे. ग्वादलेतच्या लढाईत रोदेरिकचे सैन्य मोडले, तो स्वतः नाहीसा झाला आणि पाहता पाहता गॉथांचे राज्य संपले. पुढच्या शतकांत त्याच्याभोवती दंतकथा जमल्या: एका सरदाराच्या मुलीवर त्याने केलेला अत्याचार, त्या बापाने सूड म्हणून शत्रूला दाखवलेली वाट. इतिहासाच्या दृष्टीने त्या कथांना आधार नाही, पण हरलेल्या शेवटच्या राजाला लोक विसरायला तयार नव्हते एवढे त्यांतून नक्की कळते.

सामान्यतः हरलेल्या राजाचे नाव मुलांना ठेवायला लोक कचरतात. इथे उलटे घडले. उत्तरेच्या डोंगराळ भागात जी छोटी ख्रिस्ती राज्ये उभी राहिली, त्यांनी स्वतःला गॉथांचे वारस मानले आणि गॉथिक नावे अभिमानाने वापरली. गालिसिया आणि उत्तर पोर्तुगाल येथील नवव्या ते अकराव्या शतकांतले दस्तऐवज जर्मानिक नावांनी भरलेले आहेत, आणि ती नावे धारण करणारे बहुसंख्य लोक रक्ताने गॉथ नव्हते. ते तिथलेच, लॅटिनपासून झालेल्या बोली बोलणारे शेतकरी, साक्षीदार, भिक्षू आणि जमीनमालक होते. गावांच्या नावांतही ही नावे मुरली आहेत. पोर्तुगालचे उगमस्थान म्हणून मानले जाणारे गिमारायंश हे शहर विमारा या गॉथिक नावाच्या माणसावरून ओळखले जाते.

याच परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध रोद्रिगो म्हणजे कास्तीलचा योद्धा रोद्रिगो दियास दे विवार. त्याचा जन्म १०४३ च्या सुमाराचा आणि मृत्यू १०९९ चा. त्याने १०९४ मध्ये वालेन्सिया शहर जिंकले. त्याला एल सिद म्हणत, आणि त्यातला ‘सिद’ म्हणजे अरबीतला ‘सय्यिद’, आपल्या ओळखीचा सय्यद. हा योद्धा ख्रिस्ती राजांच्या बाजूने लढला तसा सारागोसाच्या मुस्लिम राजाच्या सेवेतही होता, त्यामुळे गॉथिक नाव आणि अरबी पदवी एकाच माणसाच्या अंगावर सहज नांदली. त्याच्या पराक्रमावरील महाकाव्याने हे नाव स्पेनच्या घराघरांत कायमचे रुजवले.

एल सिदच्या घराण्यात आडनावाची मूळ रीत स्वच्छ दिसते. त्याच्या आजोबांचे नाव लाइन. त्यांचा मुलगा दिएगो, म्हणून तो दिएगो लाइनेस. दिएगोचा मुलगा रोद्रिगो, म्हणून तो रोद्रिगो दियास. आणि रोद्रिगोचा मुलगा पुन्हा दिएगो, म्हणून तो दिएगो रोद्रिगेस, जो १०९७ मध्ये कोन्सुएग्राच्या लढाईत बापाच्या हयातीतच मारला गेला. म्हणजे शेवटचे पद पिढीगणिक बदलत होते, जसे आपल्याकडे मधले नाव बदलते. पुढे, मध्ययुगाच्या उत्तरार्धात, हे बदलते पद हळूहळू गोठत गेले आणि त्याचे कायमचे आडनाव झाले. एका पिढीतल्या रोद्रिगोचे नाव मग त्याच्या सर्व वंशजांना चिकटून राहिले. याच नावाचे रुय किंवा रुई असे आटोपशीर रूप झाले, त्यापासून रुईस हे आडनाव निघाले, आणि चित्रकार पिकासोचे वडिलांकडून आलेले आडनाव तेच होते. आज स्पेनमधल्या सर्वाधिक आढळणाऱ्या पहिल्या पाच आडनावांत रोद्रीगेस, गोन्सालेस आणि फेर्नांदेस ही तीन आहेत, आणि तिन्ही गॉथिक नावांवरून आलेली आहेत.

या तिघांची पोर्तुगीज भावंडे आपल्या शेजारीच राहतात. गोन्सालवीसमध्ये ‘गुंथ’ म्हणजे लढाई आहे, फर्नांडिसच्या उत्तरार्धात धाडसाचा शब्द आहे, हेन्रिक्समध्ये घर आणि पुन्हा आपला तोच ‘रिक’ आहे, म्हणजे घराचा अधिपती. सगळीच आडनावे मात्र या कुळातली नव्हेत: परेरा म्हणजे नासपतीचे झाड, सिल्वा म्हणजे रान, लोपिसच्या मुळाशी लॅटिन लांडगा आहे. पोर्तुगालचा पहिला राजा अफोन्सो हेन्रिकेस याने ११३९ मध्ये राजपद धारण केले, आणि त्याच्या नावातले दोन्ही शब्द जर्मानिक आहेत. पुढे रोद्रिगो दे बोर्खा या नावाचा एक स्पॅनिश धर्मगुरू १४९२ मध्ये सहावा अलेक्झांडर म्हणून पोप झाला, त्याच्या १४९३ च्या आज्ञापत्रांनंतर १४९४ मध्ये तोर्देसियासचा तह झाला, आणि स्पेन व पोर्तुगाल यांनी समुद्रापलीकडचे जग आपसांत वाटून घेतले. पूर्वेचा वाटा पोर्तुगालकडे गेला, म्हणून आपल्या किनाऱ्याला जी गलबते लागली ती पोर्तुगीजांची होती.

वास्तविक ‘रिक’ ठाण्यात त्याही आधी येऊन गेला होता. १३२१ मध्ये तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे सोबती ठाण्यात मारले गेले, आणि त्यानंतर लवकरच फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक इथे आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा केल्या आणि चीनपर्यंत नेल्या. पोर्देनोनेचा हा ओडोरिक इटलीचा, पण त्याच्या नावाचा शेवट गॉथ राजांच्या नावांसारखाच आहे. ठाण्याच्या इतिहासातला हा प्रसंग आपल्याला शाळेत शिकवला जात नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने वसई आणि आसपासचा मुलूख तहाने पोर्तुगीजांना दिला, आणि पुढची दोनशे वर्षे ठाणे, साष्टी व वसई त्यांच्या सत्तेखाली राहिली. या काळात इथल्या कोळी, कुणबी, आगरी, सामवेदी अशा समाजांतल्या अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव त्यांना मिळण्याची प्रथा होती. रॉड्रिग्ज आडनावाची बहुसंख्य कुटुंबे म्हणून लिस्बनहून आलेली नव्हेत. ती याच किनाऱ्याची, याच शेता-खाजणांची आहेत. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, आणि पोर्तुगीज सत्ता इथून गेली. ख्रिस्ती गावे राहिली, तलावपाळीजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च राहिले, आडनावेही राहिली. १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी या समाजाने ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना झाली.

मला या लेखात सर्वांत आग्रहाने सांगायचे आहे ते इथे. हे नाव दोनदा जेत्यांकडून जितांकडे आले, आणि दोन्ही वेळा जेत्यांची भाषा विरली, नाव उरले. स्पेन-पोर्तुगालात गॉथिक बोलणारे संपले आणि रोद्रिगो हे नाव लॅटिनवंशीय बोली बोलणाऱ्यांचे झाले. ठाण्या-वसईत पोर्तुगीज बोलणारे गेले आणि रॉड्रिग्ज हे आडनाव मराठी बोलणाऱ्यांचे झाले. इथे एके काळी पोर्तुगीजवर आधारलेली एक बोलीसुद्धा होती. गोव्याचे विद्वान सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी १९०६ मध्ये या उत्तरेकडच्या बोलीवर अभ्यास प्रसिद्ध केला. दाल्गादोंच्या नावातला रोदोल्फो म्हणजे आपला मघाचाच ‘ह्रोथ’ आणि लांडगा, संस्कृत ‘वृक’. त्या कुळातली बोली आज रायगड जिल्ह्यातल्या कोर्लईत जिवंत आहे, पण ठाण्याच्या रॉड्रिग्ज घरांतली आजी नातवंडांना रागावते ती मराठीत. माझ्या मैत्रिणीच्या आजीचे मराठी तर आमच्या घरातल्यापेक्षा जुन्या वळणाचे होते. ज्या आडनावाने तीन-चार शतके मराठी ऐकली, लुगडे नेसले आणि भातशेती केली, त्याला परदेशी म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हाच निकष लावला तर स्पेनमध्येही ते परदेशीच ठरेल.

युरोपात इतरत्र या नावाच्या वाट्याला वेगवेगळे दिवस आले. जर्मनीत रोडरिख हे रूप माहीत आहे, पण ते फारसे ठेवले जात नाही. म्हणजे ज्या भाषाकुळाने नाव दिले तिथेच ते मागे पडले. उत्तरेकडच्या नॉर्स लोकांत त्याचे रूप ह्रोरेक होते, आणि पूर्वेला स्लाव्ह प्रदेशात तेच रुरिक झाले. रशियन बखरीनुसार रुरिक ८६२ मध्ये सत्तेवर आला, आणि त्याच्या नावाचे राजघराणे १५९८ पर्यंत चालले. ब्रिटनमध्ये वाट आणखी वेगळी. आयर्लंड व स्कॉटलंडमध्ये रुआरी हे स्वतंत्र गेलिक नाव होते, त्याचा अर्थ तांबडा राजा. इंग्रजीत लिहिताना त्याला रॉडरिक हे तयार रूप लावले गेले. आयर्लंडचा शेवटचा मोठा राजा रुआरी, मृत्यू ११९८, इंग्रजी ग्रंथांत म्हणूनच रॉडरिक ओकॉनर होतो. नावे मुळात भिन्न असली तरी शेवटचा ‘री’ त्याच राजन्-कुळातला आहे, ही जुळणी मला सुंदर वाटते. सिल्युरियन आणि पर्मियन या भूशास्त्रीय कालखंडांना नावे देणारे रॉडरिक मर्चिसन स्कॉटलंडचेच. मुंबईच्या ख्रिस्ती कुटुंबांत पहिले नाव म्हणून रॉडरिक आढळते ते याच इंग्रजी वाटेने आलेले, त्यामुळे एखाद्याचे नाव रॉडरिक आणि आडनाव रॉड्रिग्ज असेल तर तेच गॉथिक नाव त्याच्याकडे दोन वाटांनी, एकदा लिस्बनहून आणि एकदा लंडनहून, पोहोचलेले असते.

आज रोद्रिगो पुन्हा तरुण नाव आहे. पोर्तुगालमध्ये या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ते मुलग्यांच्या सर्वांत आवडत्या नावांत गणले गेले, ब्राझीलमध्ये १९७० आणि १९८० च्या दशकांत जन्मलेल्या पिढीत ते भरपूर आढळते, आणि स्पेनमध्ये ते कधी पूर्णपणे मागे पडलेच नाही. फुटबॉलमधला २०२४ चा बॅलन डी’ओर पुरस्कार मिळवणारा रोद्री म्हणजे रोद्रिगो एर्नांदेस. एर्नांदेस हे फर्नांडिसचेच स्पॅनिश भावंड, त्यामुळे त्याचे नाव आणि आडनाव दोन्ही गॉथिक. या टिकाऊपणाचे कारण मला त्याच्या उच्चारात दिसते. ‘ह’ गळून, मधला ‘ए’ गळून आणि ‘क’चा ‘ग’ होऊन ते पूर्णपणे दक्षिणी जिभेचे झाले; रोदेरिक राहिले असते तर ते कदाचित ग्रंथांतच राहिले असते.

आणि आपल्याकडे? ३० ऑक्टोबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील मैदानावर महिला विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग करताना भांडुपमध्ये जन्मलेल्या जेमिमा रॉड्रिग्जने नाबाद १२७ धावा केल्या, आणि हे आडनाव नवी मुंबईच्या आकाशाखाली हजारो मराठी तोंडांतून एकाच वेळी गाजले. ज्या शब्दाचा मूळ अर्थ मोठ्याने गायलेली थोरवी असा आहे, त्याचे इतके यथार्थ उच्चारण मी तरी दुसरे ऐकलेले नाही. शिलाहार छित्तराजाचा ताम्रपट ज्या भांडुपमध्ये सापडला तेच हे भांडुप.

ठाण्या-वसईच्या रॉड्रिग्ज कुटुंबांत आणखी एक गोष्ट घडते, जी स्पेन किंवा पोर्तुगालात घडत नाही. महाराष्ट्रात शाळेच्या दाखल्यापासून मतदार यादीपर्यंत स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम रूढ आहे (१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मध्ये आईचेही नाव येते), आणि ही कुटुंबेही तो पाळतात. तेव्हा त्या नावाच्या मध्यभागी खऱ्या वडिलांचे नाव असते, जे पुढच्या पिढीत बदलेल, आणि शेवटी रोद्रिगो नावाच्या एका वडिलांचे नाव असते, जे मध्ययुगात कधीतरी बदलायचे थांबले. एल सिदच्या घराण्यातली बदलती रीत आणि तिच्यातून गोठलेले आडनाव, दोन्ही त्या एका दाखल्यावर शेजारी शेजारी लिहिलेली असतात.